दुधाच्या निवळीतील प्रथिने : आरोग्यलाभाचे दावे आणि वास्तव

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगले की खाली जे हिरवट-पिवळसर पाणी ठिबकते, त्याला आयुर्वेदाने ‘मस्तु’ असे नाव दिले आहे. पनीर, छेना किंवा चीज तयार करताना वेगळे होणारे पाणीही याच कुळातील. ‘व्हे’ या नावाने आज ते व्यायामशाळांमधून परिचित झाले असले, तरी दुग्धव्यवसायाने दीर्घकाळ त्याच्याकडे टाकाऊ पदार्थ म्हणूनच पाहिले. १ किलो चीज तयार होते तेव्हा सुमारे ९ लिटर व्हे मागे उरते. त्यात ९३ टक्क्यांच्या आसपास पाणी असले, तरी विरघळलेल्या दुग्धशर्करेमुळे त्याची जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी प्रतिलिटर ३० ते ५० हजार मिलिग्रॅमपर्यंत जाते. असे पाणी ओढ्यानाल्यांत सोडल्यास प्रवाहातील प्राणवायू संपुष्टात येतो. उत्पादकाचा खर्च समाजाच्या माथी पडण्याचे, म्हणजेच अर्थशास्त्रातील ‘बाह्यते’चे, हे ठळक उदाहरण होय. १९७०च्या दशकापासून पडद्यांद्वारे गाळण्याचे अल्ट्राफिल्ट्रेशन हे तंत्र रुळले आणि या पाण्यातील प्रथिने वेगळी करणे किफायतशीर ठरले. टाकाऊ पदार्थाला बाजारमूल्य लाभले आणि त्यापाठोपाठ आरोग्यविषयक दावेही आले.

प्रथिनांचे स्वरूप

गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. ते आम्लाने वा विरजणाने गोठते. उरलेली सुमारे २० टक्के प्रथिने पाण्यात विरघळलेली राहतात. त्यांत बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचा वाटा जवळपास निम्मा असून त्याखालोखाल अल्फा-लॅक्टअल्ब्युमिन येते. इम्युनोग्लोब्युलिने आणि लॅक्टोफेरिन अल्प प्रमाणात असतात. विशेष म्हणजे मातेच्या दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नसतेच. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असणाऱ्या बालकांना ते बाधते, त्याचे एक कारण हेच.

शरीर स्वतः तयार करू शकत नाही अशी सर्व आवश्यक अमिनो आम्ले या प्रथिनांत आहेत. स्नायूंमधील प्रथिननिर्मितीला चालना देणाऱ्या ल्युसीनचे प्रमाण त्यांत सुमारे १० टक्के भरते. केसीन जठरात गोठून सावकाश पचते, तर व्हे लवकर पचून त्यातील अमिनो आम्ले रक्तात वेगाने पोहोचतात. व्यायामानंतर व्हे घेण्याच्या प्रथेचा शास्त्रीय आधार तो हाच. मात्र व्यायामाविना केवळ भुकटीने स्नायू वाढत नाहीत आणि आहारात पुरेशी प्रथिने असणाऱ्यास अधिकच्या मात्रेचा लाभ फारसा होत नाही. वृद्धापकाळात स्नायू झिजतात व भूकही मंदावते; अशा व्यक्तींना त्याचा उपयोग अधिक संभवतो. जाहिरातींतील चेहरे मात्र पंचविशीतील तरुणांचेच असतात!

दावे आणि पुरावे

जेवणापूर्वी व्हे घेतल्यास टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांत जेवणानंतरची रक्तशर्करा कमी वाढते, असे काही छोट्या चाचण्यांत आढळले आहे. सौम्य उच्च रक्तदाबावरही थोडा अनुकूल परिणाम नोंदला गेला आहे. या निष्कर्षांना आशादायक म्हणता येईल. उपचाराचा दर्जा त्यांना देता येणार नाही.

असा सावधपणा का हवा, हे लॅक्टोफेरिनच्या इतिहासावरून समजते. हे प्रथिन लोहाला घट्ट बांधून ठेवते आणि वाढीसाठी लोह लागणाऱ्या जिवाणूंची कोंडी करते. इटलीत अत्यल्प वजनाच्या ४७२ नवजात बालकांवर झालेल्या चाचणीत गाईच्या दुधातील लॅक्टोफेरिन दिल्याने जंतुसंसर्ग लक्षणीय घटल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. उपाय स्वस्त आणि यंत्रणा पटण्याजोगी असल्याने अपेक्षा उंचावल्या. त्यानंतर ब्रिटनमध्ये २,२०० हून अधिक अपुऱ्या दिवसांच्या बालकांवर मोठी चाचणी झाली आणि २०१९ मध्ये तिचे फलित पुढे आले : लॅक्टोफेरिन दिलेल्या व न दिलेल्या बालकांत संसर्गाच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक नव्हता. प्रयोगशाळेतील गुणधर्म आणि रुग्णशय्येवरील परिणाम यांत असे अंतर पडू शकते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही २०१० मध्ये प्रथिनांमुळे स्नायूंची वाढ व जोपासना होते हा सर्वसाधारण दावा मान्य केला. परंतु खास व्हेच्या नावाने केलेल्या दाव्यांत कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नसल्याचे मत दिले.

भारतीय संदर्भ

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात; ६० किलो वजनाच्या व्यक्तीस सुमारे ५० ग्रॅम. डाळ-तृणधान्यांची जोडी आणि दूध वा अंडी यांतून ती मिळू शकतात. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्यात, असा स्पष्ट सल्ला राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहार मार्गदर्शिकेत आहे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर वैद्यकीय सल्ल्याविना त्यांच्या वाटेस जाऊ नये. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय बाजारातील ३६ प्रथिनपूरकांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या वेष्टनावरील प्रथिनांची माहिती चुकीची आढळली. विक्रेत्यास ठाऊक असलेले ग्राहकास ठाऊक नसणे, ही माहितीची विषमता नियमनाची गरज अधोरेखित करते.

२०२३-२४ मध्ये देशाचे दूध उत्पादन सुमारे २३९ दशलक्ष टन होते; जगात ते सर्वाधिक आहे. तरीही व्हे प्रथिनांचा उद्योग येथे उशिरा रुजला. याचे एक कारण आपल्या खाद्यसंस्कृतीत आहे. पनीरसाठी दूध ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले जाते. त्या उष्णतेत व्हेमधील प्रथिनांची मूळ रचना बिघडून त्यांचा बराच भाग केसीनला चिकटतो व पनीरमध्येच राहतो. चीजसाठी दूध इतके तापवत नाहीत, म्हणून चीजच्या व्हेमध्ये प्रथिने अधिक सापडतात. म्हणजेच पनीर खाणारा ग्राहक नकळत व्हे प्रथिनांचाही काही अंश खातोच. उरलेल्या पाण्यात प्रथिने कमी असली तरी दुग्धशर्करा व क्षार असतात. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने अशा पाण्यापासून पेये विकसित केली आहेत. पण पनीरचे पुष्कळसे उत्पादन विखुरलेल्या छोट्या घटकांकडे असल्याने हे पाणी गोळा करून शीतसाखळीत आणण्याचा खर्च परवडत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके खुजी आढळली. मलावी व मोझांबिक येथे मध्यम कुपोषित बालकांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हेयुक्त पूरक आहार घेणारी सुमारे ८४ टक्के, तर सोयायुक्त आहार घेणारी सुमारे ८१ टक्के बालके बरी झाली. व्हेच्या आहारात एकूण प्रथिने कमी असूनही हा फरक पडला. तीन टक्क्यांचा हा लाभ वाढीव किमतीच्या तुलनेत किती मोलाचा, याचा हिशेब अंगणवाडीच्या पूरक आहारासाठी मांडला जायला हवा. सध्या मागणी ठरते ती शहरी ग्राहकाच्या खिशावर.