ओढायचे, वाहायचे की नुसते फिरायचे?

अलिबाग-नागावच्या वाळूत पर्यटकांना भाड्याने मिळणारी, जाड टायरांची आणि हँडलची चारचाकी बाइक म्हणजे एटीव्ही. शेतीशी तिचा काही संबंध असेल असे आपल्याकडे सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण जानेवारी 2021मध्ये पोलारिस कंपनीने ‘स्पोर्ट्समन 570’ हे असेच वाहन भारतात चक्क ट्रॅक्टर म्हणून आणले. इंजिन 34 हॉर्सपॉवरचे, किंमत तेव्हा 7 लाख 99 हजार, आणि नोंदणी ट्रॅक्टरची असल्याने रस्त्यावर चालवायची मुभा. याच कंपनीने आयशरच्या साथीने 2015मध्ये ‘मल्टिक्स’ काढली होती. तिच्यात स्टिअरिंग, शेजारी-शेजारी बसायच्या जागा आणि मागे सामानाची सोय होती. परदेशात शेतावर वापरतात त्या ‘साइड-बाय-साइड’ गाड्यांची ती जवळची नातलग. 2020मध्ये तिचे उत्पादन थांबले. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या डाळिंब बागायतदाराने किंवा नान्नजच्या द्राक्षवाल्याने या दोन घराण्यांपैकी कोणाला दारात उभे करावे, हा प्रश्न वरवर हौसेचा वाटतो. खरे तर तो पदार्थविज्ञानाचा आहे, आणि त्याचे उत्तर हॉर्सपॉवरच्या आकड्यात सापडत नाही. गाडीचे वजन किती, ते किती उंचीवर आहे आणि कोणत्या मातीवर पडते, या तीन गोष्टींत ते आहे.

आधी ओढण्याचे बघू. 34 हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे 25 किलोवॅट. ताशी 4 किलोमीटर या नांगरटीच्या वेगाला एवढी शक्ती कागदावर सव्वादोन टनांची ओढ देते. प्रत्यक्षात ती मिळत नाही, कारण चाक मातीला जेवढे धरते तेवढेच गाडी ओढते. एटीव्ही आणि तिच्यावरचा माणूस मिळून साधारण 400 किलो. मोकळ्या रानात पकड वजनाच्या निम्म्याच्या आसपास धरली, तर चारही चाके फिरती असूनही 200 किलोचीच ओढ मिळेल. त्यापुढे इंजिन कितीही ओरडले तरी टायर जागच्या जागी फिरणार. याउलट 15 हॉर्सपॉवरचा, पावणेआठशे किलोचा छोटा ट्रॅक्टर मागच्या दोनच चाकांवर याहून जास्त ओढतो. औजार हायड्रॉलिकवर जोडलेले असले की मातीचा खालचा ओढा मागच्या चाकांवर येतो आणि पकड आणखी वाढते. शिवाय टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवता येते ते वेगळेच. एटीव्हीची वाढीव शक्ती वेगासाठी आहे, आणि डाळिंबाच्या ओळीत वेग कुणाला हवा? त्यात एटीव्ही आणि साइड-बाय-साइड या दोन्हींत बहुधा गिअरऐवजी रबरी पट्ट्यावर चालणारी यंत्रणा असते. संथ गतीने जड ओझे ओढताना तो पट्टा घसरतो आणि तापतो. मे महिन्यातल्या सोलापुरी उन्हात आणि फुफाट्यात त्याचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको. फवारणीचा ब्लोअर फिरवायचा तर पीटीओ, म्हणजे इंजिनाची शक्ती औजाराला देणारा फिरता दांडा, लागतो. छोट्या ट्रॅक्टरला तो असतोच. या गाड्यांत तो सहसा नसतो.

मग या हलक्या गाड्यांचा फायदा काहीच नाही का? आहे, आणि तो मातीच्या बाजूने आहे. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा पाच-सात पीएसआय एवढीच असते, मोटारीच्या टायरमध्ये तीसच्या आसपास. जमिनीच्या वरच्या थरावर पडणारा दाब बहुतांशी टायरमधल्या हवेवर ठरतो, तर खोलवरचे दडपण आसावरच्या एकूण भारावर. म्हणून रुंद टायर लावून जड वाहनाचा वरचा दाब कमी करता येतो, पण फूट-दीड फूट खाली बसणारा घट्ट थर त्याने टळत नाही. भीमाकाठच्या आणि उजनीच्या कालव्याखालच्या काळ्या रानात हे फार महत्त्वाचे आहे. तिथली चिकणमाती ओली असताना फुगते, वाळली की हातभर भेगा टाकते आणि ओलेपणी दाबली गेली की पाणी मुरणे बंद. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून पाहावी. गोळा अंगठ्याखाली नुसताच चपटा झाला तर रानाला वापसा नाही. भुगा होऊन सुटला तरच आत चाक घालावे. वापसा नसलेल्या रानात तीनशे किलोची गाडीही नुकसान करते, फक्त कमी. (घट्ट थराची खरोखरच काळजी असेल तर आधी उसाने भरलेल्या ट्रॉल्यांकडे पाहावे. त्यांच्यापुढे बाकीची सारी वाहने किरकोळ आहेत.) सांगोल्याच्या मुरमाड माळावर मात्र हा मुद्दा बराच सौम्य होतो. डाळिंब तिथे रुजले ते पाण्याचा निचरा चांगला म्हणूनच, आणि त्याच कारणाने पावसानंतर तिथे चाक लवकर घालता येते. म्हणजे हलकेपणाची गरज जिथे सर्वांत जास्त, ती रानेच बहुतांशी उसाची आहेत, आणि उसात या गाड्यांना काम नाही.

आता वाहण्याचे. एटीव्हीच्या मागच्या रॅकवर साधारण ऐंशी किलोचा भार चालतो. साइड-बाय-साइडच्या हौद्यात सव्वादोनशे ते साडेचारशे किलो. डाळिंबाचे वीस-वीस किलोचे क्रेट धरले तर चार विरुद्ध अकरा ते बावीस. पण आकड्यापेक्षा उंची महत्त्वाची. वाहन कडेला किती कलले की उलटणार, हे दोन चाकांमधल्या अंतराचे निम्मे आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर ठरते. एटीव्हीवर माणूस घोड्यावर बसल्यासारखा उंच बसतो, आणि तीनशे किलोच्या गाडीवर सत्तर किलोचा माणूस हा वजनाचा मोठा हिस्सा असतो. त्यात मागच्या रॅकवर अर्धवट भरलेली औषधाची टाकी ठेवली आणि गाडी चारीच्या भरावावरून तिरकी नेली, की टाकीतले पाणी नेमके उताराच्या बाजूला धावते. साइड-बाय-साइड रुंद असते, तिचा हौदा खाली असतो, डोक्यावर चौकट आणि कमरेला पट्टा असतो. अमेरिकेत तीनचाकी एटीव्हींची विक्री 1988मध्ये थांबवावी लागली ती अपघातांमुळे. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर 2021पासून नव्या शेतीच्या एटीव्हींना चालक चिरडू नये म्हणून संरक्षक चौकट सक्तीची केली, तेव्हा काही बड्या कंपन्यांनी तिथली एटीव्ही विक्रीच बंद केली.

यावर म्हणता येईल की आपल्या छोट्या ट्रॅक्टरांनाही बहुधा अशी चौकट नसते, मग एटीव्हीलाच दोष का? आक्षेप रास्त आहे, पण त्याने एटीव्ही सुरक्षित ठरत नाही; ट्रॅक्टरलाही चौकट हवी एवढेच सिद्ध होते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. साइड-बाय-साइड एवढी सोयीची, तर मल्टिक्स का टिकली नाही? एक कारण उघड दिसते. 2005नंतर टाटा एसने आणि तिच्या जोडीला तीनचाकी टेम्पोने शेतातून बाजारापर्यंतची वाहतूक बळकावली होती, आणि बांधापर्यंत जायला घरोघरी मोटारसायकल होतीच. दोन कॅन दूध आणि वैरणीचा भारा जी मोटारसायकल रोज नेते, तिची जागा दुसऱ्या गाडीने घ्यायची तर किंमत तरी तिच्या आसपास हवी. मल्टिक्स हरली ती बाजारात. शेजारी-शेजारी बसायची तिची रचना चुकीची होती, असे त्यातून निघत नाही.

राहिला हौसेचा भाग. सोलापूरभोवती गाडी उधळायला माळ भरपूर दिसतो, पण ‘मोकळा’ दिसणारा माळ मोकळा नसतो. नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979चे. माळढोक पक्षी उघड्या जमिनीवर, गवतात, बहुधा एकच अंडे घालतो आणि आता इथे तो क्वचितच दिसतो. भाड्याच्या अनेक एटीव्हींचा मागचा आस अखंड असतो. दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात आणि वळताना टायर माती खरवडतो. पातळ मुरमाच्या थरावर तो ओरखडा पुढच्या पावसात ओघळ होतो. टायरमधली हवा कमी असल्याचा इथे काही उपयोग नाही, कारण नुकसान दाबाने होत नाही, घासण्याने होते. ज्यांना फिरायचेच आहे त्यांनी स्वतःच्या शेतातली चाकोरी धरावी. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणे 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

एकच वाहन घ्यायची ऐपत असलेल्या बागायतदाराने एटीव्हीच्या साधारण निम्म्या किमतीत मिळणारा छोटा ट्रॅक्टर घ्यावा, आणि त्याला चौकट बसवून घ्यावी. ट्रॅक्टर आधीच असेल, बाग पंधरा-वीस एकरांच्या पुढे असेल आणि माणसे, क्रेट, खताची पोती दिवसभर आत-बाहेर करावी लागत असतील, तर साइड-बाय-साइडच्या धाटणीची गाडी विचारात घ्यावी. एटीव्हीला या जिल्ह्यात शेतीचे काम फारसे नाही. तरीही घ्यायचीच असेल, तर निदान औषधाची टाकी तिच्यावर लादू नका.