मनातली जात बोलायची कुणापुढे?

मानसोपचार म्हटले की आपल्या वस्तीत 'वेडा' हाच शब्द आठवतो. आम्हाला हे मान्य नाही. फ्रॉइडच्या मनोविश्लेषणात माणसाने मनात येईल ते, लाज न बाळगता, बोलत राहायचे असते. ऐकणाऱ्याने उपदेश करायचा नसतो. दडपलेले हळूहळू वर येते आणि आपण असे का वागतो, हे आपल्यालाच उमगू लागते.

राजर्षी शाहूंच्या कोल्हापूर संस्थानात १९२० साली माणगाव परिषद झाली. १९२२ मध्ये कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. तिचे पहिले सभासद मुख्यतः प्राध्यापक आणि डॉक्टर. माणगावला जमलेल्यांचे मन तिथे कोण मांडणार होते?

आपल्याकडे ते काम आत्मकथनांनी केले. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) लेखक स्वतःतल्याच दगडूला बोलता करतो. एक सांगतो, दुसरा ऐकतो!

पण प्रत्येकाला पुस्तक लिहिता येत नाही. शाहूवाडीहून कोल्हापुरात शिकायला आलेला पोरगा आडनाव सांगताना अडखळतो. त्याला 'जात विसर, आत्मविश्वास वाढव' म्हणणारा समुपदेशक काय कामाचा? न्यूनगंड समाज लादतो, हे फ्रांझ फॅनन या कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञाने १९५२ सालीच काळ्या माणसाबद्दल लिहून ठेवले आहे.

खासगी उपचारांची फी मजुराच्या घराला झेपत नाही. 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, अडचणीत तो जरूर फिरवावा. पण महिनोन्‌महिने एकाच माणसापुढे बसून बोलणे वेगळे. शाहू महाराजांनी ज्या कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, तिथल्या प्रत्येक वसतिगृहात जात समजणारा समुपदेशक सरकारने नेमावा, ही आमची मागणी आहे.