उन्हाळ्यात दमलेले मासे

मे महिन्यात सेमाडोहजवळ सिपना नदीची धार क्षीण होते आणि मासे उरलेल्या डोहांत गोळा होतात. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. नदीतल्या माशाला निदान खोल, सावलीतलं पाणी शोधता येतं. अमरावती-अकोल्याच्या घरांतल्या काचपेटीतला मासा मात्र जाणार कुठे?

मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असेल, तर आधी हवेचा पंप वाढवा, पेटी उन्हातून हलवा, खाणं थांबवा. बर्फ थेट टाकू नका. तापमान एकदम उतरलं तर तोही धक्काच.

जखमेचं प्रकरण अधिक नाजूक. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त पाण्यापेक्षा खारट असतं, त्यामुळे पाणी सतत अंगात शिरतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकत राहतात. अंगावरचा बुळबुळीत थर या शिरकावाला आवर घालतो. खवलं निघाली की तो थर फाटतो, पाणी जास्त शिरतं, क्षार निसटतात. म्हणून वेगळ्या पेटीत लिटरमागे १ ते ३ ग्रॅम साधं मीठ, हळूहळू विरघळवून, खरोखर उपयोगी पडतं. काही मांजरमाशांना मात्र ते सोसत नाही.

माशाला कोरड्या हाताने कधीच धरू नये, तोच थर हाताला लागून येतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं. रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी वापरा, तेही थोडं थोडं बदलून.