पत्रावळ मागे का पडली?

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक-थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या देशभर बंद झाल्या. मग शेणव्याच्या रानात पळस असूनही लग्नात पत्रावळ क्वचितच का दिसते?

अडचण पानात नाही, पुरवठ्याच्या साखळीत आहे. कारखान्याला बारा महिने एकसारखा माल लागतो. पळसाची पानं हिवाळ्याअखेर गळतात. पावसाळ्यात नीट वाळली नाहीत तर त्यांना बुरशी लागते. पानं तोडणाऱ्या बाईला हातात रोख पैसे हवेत, व्यापाऱ्याला उधारी. म्हणून आतून प्लास्टिकचा थर असलेली कागदी ताटली स्वस्त आणि सोयीची पडते.

बंदीने जुनी वस्तू थांबते, पण नवी साखळी आपोआप उभी राहत नाही. त्यासाठी कोरडं गोदाम हवं, रोख खरेदी हवी. मुलांना ‘प्लास्टिक टाळा’ शिकवताना हेही सांगूया.