सोडा पथ्यात बसतो काय?

आहारनियमनाच्या नव्या पद्धती आता मध्यमवर्गीय घरांतही रुळल्या आहेत. एकाच कुटुंबात मुलगा ‘किटो’ आहार पाळतो, सून सोळा तासांचे ‘इंटरमिटंट फास्टिंग’ करते आणि वडिलांना रक्तदाबामुळे मीठ कमी करण्याचा वैद्यकीय सल्ला मिळालेला असतो. घरातील सोड्याची बाटली आपल्या पथ्यात बसते, अशी तिघांचीही समजूत असते. ती बव्हंशी बरोबर आहे. चूक होते ती वडिलांच्या पेल्यात.

साधा सोडा म्हणजे दाबाखाली कार्बन डायऑक्साइड वायू विरघळविलेले पाणी. जोसेफ प्रिस्टली यांना ही युक्ती १७६७ च्या सुमारास इंग्लंडमधील लीड्स येथे, बिअरच्या कारखान्यातील आंबवणाच्या पिंपांवरील वायूचा अभ्यास करताना सापडली. मद्याच्या पिंपावर जन्मलेले हे पेय पुढे निर्व्यसनी मंडळींच्या पंगतीतही मानाने आले, ही गंमतच म्हणावयाची.

या वायूत उष्मांक नाहीत आणि कर्बोदकेही नाहीत. किटो आहारात दिवसभराची कर्बोदके साधारणतः २० ते ५० ग्रॅमपर्यंतच ठेवावयाची असतात. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. म्हणजे दिवसाचा बहुतेक शिधा एका पेल्यातच संपला. साध्या सोड्याच्या नावे मात्र शून्य मांडावे. ‘टॉनिक वॉटर’ दिसावयास सोड्यासारखेच असते, परंतु त्यात क्विनाइनच्या कडवटपणाला जोड म्हणून बहुधा साखर घातलेली असते.

‘इंटरमिटंट फास्टिंग’ करणाऱ्यांनाही साधा सोडा चालतो. बुडबुड्यांमुळे पोट काही काळ भरल्यासारखे वाटते. याउलट, २०१७ मध्ये बिरझीत विद्यापीठातील संशोधकांना वायुयुक्त पेयांनंतर भूक चाळवणाऱ्या ‘घ्रेलिन’ या संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले आढळले. तो प्रयोग उंदरांवर आणि अवघ्या वीस तरुणांवर झालेला असल्याने त्यावरून कोणी सोडा सोडण्याचे कारण नाही. तथापि, सोडा प्यायल्यावर भूक अधिक लागते असा ज्याचा अनुभव असेल, त्याने तो खरा मानावा.

येथे वाचकांना तिविहार उपवास आठवणे स्वाभाविक आहे. त्यात केवळ उकळलेले पाणी आणि तेही सूर्यास्तापूर्वीच घ्यावयाचे असते. पाणी उकळले की विरघळलेला वायू निघून जातो; उकळलेला सोडा ही वस्तूच संभवत नाही. दोहोंना उपवास म्हणत असले, तरी एकाचे गणित उष्मांकांचे आहे आणि दुसऱ्याचे प्रत्याख्यानाचे.

आता वडिलांचा पेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीच्या आहारात दिवसाला २००० मिलिग्रॅमहून कमी सोडियम असावे. म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ. ‘क्लब सोडा’त चवीसाठी सोडियमचे क्षार मिसळतात, तरी ३५५ मिलिलिटरच्या डब्यात ते साधारण ७५ मिलिग्रॅम भरते. नैसर्गिक झऱ्यांच्या पाण्यात फरक फार मोठा. फ्रान्समधील ‘पेरिए’च्या एका लिटरमध्ये जेमतेम १० मिलिग्रॅम, तर त्याच देशातील ‘विशी सेलेस्तँ’मध्ये ११०० मिलिग्रॅमहून अधिक सोडियम आहे. दोन्ही बाटल्या शुद्ध, दोन्ही महाग. परंतु रक्तदाबाच्या रुग्णाने दुसरीपासून दूर राहिलेले बरे.

आपल्याकडे मात्र मूळ सोड्यापेक्षा त्यात पडणारी चिमूट अधिक महाग पडते. लग्नाच्या पंगतीत लोणचे आणि पापड निग्रहाने नाकारणारे ज्येष्ठ गृहस्थ जेवणानंतर ‘खारा लिंबू सोडा’ निःशंकपणे मागवितात. त्यात अर्धा चहाचा चमचा मीठ पडले, तर सुमारे ११५० मिलिग्रॅम सोडियम एका पेल्यात पोटात जाते आणि दिवसाच्या मर्यादेचा निम्म्याहून अधिक भाग तेथेच संपतो. मसाला सोड्यातील काळे मीठ सौम्य असते हाही भ्रमच. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. आम्लपित्तावर घेतले जाणारे ‘फ्रूट सॉल्ट’ तर सोडियमच्या संयुगांवरच उभे असते.

ज्यांना पोटफुगी वा छातीत जळजळ होते, त्यांनी बुडबुडे टाळावेत, हेच उत्तम. सोड्याने हाडे ठिसूळ होतात, ही भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील २००६ च्या अभ्यासात स्त्रियांच्या नितंबास्थीची घटलेली घनता कोलाशी निगडित आढळली, इतर वायुयुक्त पेयांशी नाही.

बाटलीवरील आकडे बहुधा १०० मिलिलिटरमागे छापलेले असतात. बाटली ७५० मिलिलिटरची असेल, तर त्यांना साडेसातने गुणावे लागते आणि हा गुणाकार सहसा कोणी करीत नाही. वडिलांसाठी साधा सोडा, अर्धे लिंबू आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड पुरेशी आहे. मिठाची बरणी तेवढी टेबलावरून उचलून ठेवावी.