पुणेकर होण्याची सोय

३० जून २०२६ ला तेवीस गावे पुणे महापालिकेत आल्याला पाच वर्षे पूर्ण होतात. २०२१ च्या त्या दिवशी पुण्याचे क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. मुंबईला मागे टाकून राज्यातली सर्वांत विस्तीर्ण महापालिका आपली झाली, याचे शहराने कौतुकही करून घेतले. ज्यांच्या जमिनीवर हा विस्तार झाला त्या लोकांना काय वाटते, हे मात्र जानेवारी २०२५ उजाडेपर्यंत कोणाला महत्त्वाचे वाटले नाही. त्या महिन्यात सिंहगड रस्त्यावरच्या किरकटवाडी, नांदोशी, नांदेड, खडकवासला या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघू लागले. बघता बघता संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि पिण्याच्या पाण्याकडे बोट दाखवले गेले. ज्या खडकवासला धरणाच्या पाण्यावर बहुतेक पुणे जगते त्याच्या पायथ्याच्या गावांना शुद्धीकरण केंद्रातून आलेले पाणी मिळत नव्हते. विहिरीतले पाणी, त्यात क्लोरिन, एवढीच काय ती प्रक्रिया. त्याच महिन्यात टॉमटॉम कंपनीचा वाहतुकीचा अहवाल आला. दहा किलोमीटर जायला पुण्यात सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागतात आणि संथपणात आपण जगात चौथे, असे त्यात होते. पुढच्याच महिन्यात, १५ फेब्रुवारीला, महापालिकेला पंचाहत्तर वर्षे झाली. तेव्हा तिच्या सभागृहात एकही नगरसेवक नव्हता.

या तीन गोष्टी एकमेकांना लागून आल्या म्हणून पुण्याविषयी पुणेकरांना काय वाटत आले, हे मागे जाऊन तपासावेसे वाटते. या विषयावर आपल्याकडे लिहिले गेले आहे ते बहुतेक हळवे तरी आहे नाहीतर विनोदी. वाडा, हौद, सायकली, पाट्या आणि दुपारची झोप. त्यातून असा समज पक्का झाला की गावावरचा जीव हा जुन्या आठवणींतून येतो, आणि ज्याच्याकडे त्या आठवणी नाहीत तो इथे फक्त राहायला आलेला. मला हे पटत नाही. माणसाचा गावावर जीव जडतो तो तिथे त्याचा पाय घट्ट रोवलेला असेल तेव्हा, आणि त्याच्या बोलण्याने गावात काही हलत असेल तेव्हा. आठवणी मागाहून तयार होतात. पुण्याचाच इतिहास याला पुरावा देतो.

महापालिका झाल्यानंतरची पहिली चाळीस वर्षे मी भरभर उलटतो. पेन्शनरांचे गाव, विद्येचे माहेरघर वगैरेंवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. पण ज्या वाड्यांसाठी आजही उसासे टाकले जातात त्यांत राहणारे बहुसंख्य लोक भाडेकरू होते, हे त्या उसाशांत विसरले जाते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे मालकाला त्यांना सहजी उठवता येत नव्हते. त्याच कायद्यामुळे मालकाने डागडुजीवरचा हात काढला आणि वाडे खचत गेले, हेही खरे. तरी भाडेकरूला जागेची जी शाश्वती होती ती आज अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या संगणक अभियंत्याला नाही. १९६१ च्या १२ जुलैला पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतली हजारो कुटुंबे उघड्यावर आली. त्यांच्यासाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. आपत्तीने नेऊन टाकलेल्या या जागा होत्या, कोणी हौसेने निवडलेल्या नव्हत्या. आठवणींचा हिशेब खरा धरला तर तिथल्या लोकांनी आयुष्यभर पेठांकडे डोळे लावून बसायला हवे होते. प्रत्यक्षात लोकमान्यनगरच्या पुनर्विकासाचा घाट घातला गेला तेव्हा आमची घरे कशी बांधायची ते आम्हाला ठरवू द्या, म्हणून तिथलेच रहिवासी रस्त्यावर उतरले. सरकारने दिलेली खोली दोन पिढ्यांत त्यांची झाली होती.

खरा मुक्काम करायचा तो १९९७ नंतरच्या दहा-अकरा वर्षांवर. त्या वर्षी अडतीस गावे शहरात घेतली गेली. २००१ मध्ये त्यांतली पंधरा संपूर्ण वगळली गेली, काहींचे तुकडे झाले. म्हणजे एखादे गाव चार वर्षे शहर होते आणि पाचव्या वर्षी पुन्हा गाव. हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाचे उद्यान उभे राहत होते, द्रुतगती मार्ग खुला होत होता, हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी जमीन बिल्डरला विकण्याऐवजी सुमारे चारशे एकर एकत्र करून स्वतःच नगर वसवायला घेतले होते. जनगणनेत १९९१ साली १५ लाख ६७ हजार असलेले शहर २००१ साली २५ लाख ३८ हजारांवर गेले. त्यात नव्या गावांचा वाटा होता, पण नोकरीसाठी येणाऱ्यांचा लोंढाही होताच. या नव्या लोकांना शहराचे करून घ्यायचे की नुसते ठेवून घ्यायचे, हा त्या दशकाचा प्रश्न होता. आश्चर्य वाटेल, पण त्याची काही उत्तरे तेव्हा खरोखर शोधली जात होती.

टेकड्यांचेच घ्या. १९९७ च्या अडतीसपैकी शहरात उरलेल्या तेवीस गावांच्या विकास आराखड्यात ९७८ हेक्टर टेकड्या जैववैविध्य उद्यान म्हणून राखायचा ठराव २००५ साली मुख्य सभेने केला. तो नगरसेवकांना अचानक झालेल्या साक्षात्कारातून आला नव्हता. माजी महापौर वंदना चव्हाण आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींनी लोकमत उभे केले होते, हजारो लोकांनी लेखी म्हणणे मांडले होते. कोथरूडचे निवृत्त प्राध्यापक आणि बाणेरला नुकतेच घर घेतलेले तरुण जोडपे एकाच कागदावर सही करत होते. पुढच्याच वर्षी महापालिकेने नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक सुरू केले. आपल्या भागात कुठे पदपथ हवा, कुठे दिवा, कुठे बसथांबा, हे कोणीही साध्या अर्जावर लिहून द्यावे आणि ते काम अंदाजपत्रकात यावे, अशी ती योजना. देशात असे करणाऱ्या पहिल्या शहरांत पुणे होते. रक्कम एकूण अंदाजपत्रकाच्या मानाने किरकोळच, तरी प्रथा मोलाची होती. भाड्याने राहणाऱ्याला, बिहारमधून किंवा बीडमधून आलेल्याला, ज्याचे आडनाव पेठेत कोणाला माहीत नाही अशालाही या शहराने प्रथमच विचारले होते की, बाबा, तुला इथे काय हवे आहे?

याचे पुढे काय झाले? टेकड्यांचा ठराव सरकारदरबारी दहा वर्षे पडून राहिला. २०१५ मध्ये मंजुरी आली तोवर उतारांवर गुंठ्या-गुंठ्याने प्लॉट विकले गेले होते आणि जमीनमालकांचा मोबदल्याचा प्रश्न आजही भिजत पडला आहे. त्या दहा वर्षांत टेकडी वाचवा म्हणणाऱ्यांना विकासविरोधी म्हणून हिणवणारे कोण होते, ते लोक विसरले असतील, मी विसरलेलो नाही. त्यांच्यापैकी पुष्कळजण आता पहाटे त्याच टेकडीवर फिरायला जातात. सहभागाच्या अंदाजपत्रकाचे दोर कापले गेले नाहीत, पण ते ढिले सोडले गेले. अर्ज कोणत्या कारणाने नाकारला हे अर्जदाराला कळेना, आणि नगरसेवकांनी सुचवलेलीच कामे या खिडकीतून आत येतात, अशी तक्रार होऊ लागली. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आली. देशातली पहिली म्हणून गाजली आणि अर्धवट कामामुळे बदनामही झाली. तिची थट्टा करण्यात मोटारवाल्यांनी, आणि खरे सांगायचे तर आम्हा लिहिणाऱ्यांनीही, जी हौस दाखवली तिचे फळ आज नगर रस्त्यावर दिसते. तिथल्या मार्गिकेचा काही भाग चक्क उखडून टाकला गेला. बसने जाणाऱ्याचे त्या चर्चेत म्हणणेच नव्हते. तो बसमध्ये होता.

याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती, जिच्याकडे विश्लेषक फारसे बघत नाहीत. महापालिकेच्या निवडणुकीत २००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग होता. २००७ साली एका सदस्याचा वॉर्ड झाला, २०१२ साली दोघांचा प्रभाग, २०१७ साली चौघांचा. दर पाच वर्षांनी हद्दी नव्या, नावे नवी, माणसे नवी. आपला नगरसेवक कोण, हे पेठेतल्या मुरलेल्या मतदारालाही सांगता येईना, मग वाकडहून वडगाव शेरीला घर बदललेल्याने काय करावे? राजकीय पक्षांना ही फेररचना सोयीची वाटते, कारण चिन्हावर चारजण एकदम निवडून येतात. पण नळाला पाणी नसले तर चौघांपैकी कोणाच्या दारात जायचे? प्रत्येकजण दुसऱ्याचे दार दाखवतो. ज्या लोकांची तक्रार घेणारा ठरलेला माणूसच उरला नाही ते आपल्या सोसायटीच्या फाटकाआड गेले. तिथे निदान व्यवस्थापन समितीचा सचिव ओळखीचा असतो आणि टँकर वेळेवर येतो. मगरपट्ट्यासारख्या नगरांनी पाणी, कचरा, सुरक्षा सगळेच आपल्या आत आणले आणि तिथल्या रहिवाशाचा जिव्हाळा तेवढ्या चारशे एकरांपुरता झाला, तर दोष त्याचा कसा?

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. बाहेरून आलेल्यांना शहराशी देणेघेणे नसते, ते नोकरीपुरते येतात, मत द्यायलाही घराबाहेर पडत नाहीत. हा आक्षेप घेणाऱ्यांत जुने पुणेकर अधिक असतात, आणि खरे पुणेकर कोण हे ठरवण्याचा मक्ता आपल्याकडे आहे अशा थाटात ते बोलतात. त्यांनी औंध-बाणेर-बालेवाडीकडे पाहावे. २०१६ मध्ये पुणे स्मार्ट सिटीच्या यादीत देशात दुसरे आले आणि नमुना म्हणून हाच भाग निवडला गेला. त्याच वर्षी बाणेर-बालेवाडीतल्या पाण्याचे भांडण मुंबई उच्च न्यायालयात पोहोचले आणि न्यायालयाने तिथल्या नव्या बांधकामांच्या परवानग्या काही काळ रोखल्या. इकडे रंगीत पदपथ, तिकडे टँकर. ज्या वस्तीत नवागतांचीच बहुसंख्या आहे तिच्या पाण्याचा प्रश्न कोर्टापर्यंत नेला जातो, तेव्हा लोकांना काही देणेघेणे नाही हे म्हणणे टिकत नाही. बाणेरच्या टेकडीवर झाडे लावून जगवणारे, रामनदीसाठी झगडणारे, २०२३ साली वेताळ टेकडीसाठी मोर्चात चाललेले लोक सगळे सदाशिव पेठेत जन्मलेले नव्हते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. केंद्र सरकारच्या राहण्यायोग्य शहरांच्या क्रमवारीत पुणे २०१८ मध्ये पहिले होते, पुढच्या यादीत बंगळूरुच्या मागोमाग दुसरे. लोक इथे घरे घेतच आहेत, सोडून कोणी जात नाही. मग रडायचे कशाला? पण २०१८ च्या क्रमवारीत राहणाऱ्यांना काय वाटते हे विचारलेच गेले नव्हते. रुग्णालये किती, शाळा किती, सांडपाणी किती, असे आकडे महापालिकांनी दिले आणि गुण पडले. लोकांचे मत पुढच्या खेपेला घेतले गेले, त्याला तीस टक्के वजन होते, आणि त्या मतात देशात पहिले आले ते भुवनेश्वर. पुण्याचे एकूण स्थान उत्तमच राहिले, हे मान्य. परंतु इथे सोयी बऱ्या आहेत असे सांगणारा माणूस हे गाव माझे आहे असेही सांगतोच, असे नाही. हवा चांगली, मुलांच्या शाळा चांगल्या, कंपनी जवळ, म्हणून माणूस वीस वर्षांचे कर्ज काढून घर घेतो. गृहकर्जाच्या हप्त्यावरून आपुलकी मोजायची ठरवली तर बँकांइतके प्रेमळ कोणी नाही.

गाव सोडता येत नाही, पण शहर सोडता येते, हे फुरसुंगी आणि उरुळी देवाचीने दाखवून दिले. शहराचा कचरा वर्षानुवर्षे या गावांच्या उशाशी ओतला गेला. २०१७ साली त्यांना महापालिकेत घेतले गेले तेव्हा आता तरी पाणी येईल, धूर थांबेल अशी आशा होती. वाढीव मिळकतकर मात्र आधी आला. शेवटी गावकऱ्यांनी आम्हाला बाहेर काढा असा धोशा लावला आणि २०२४ साली त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. मोठ्या, श्रीमंत महापालिकेतून बाहेर पडण्यासाठी लोक भांडले, यावर शहरात गंभीर चर्चा व्हायला हवी होती. झाली ती दोन राजकीय गटांच्या कुरघोडीची.

आणि किरकटवाडी, नांदोशी? ३० जून २०२१ पर्यंत तिथे ग्रामपंचायत होती, ग्रामसभा होती. ती कशी भरते आणि कोण गप्प बसवते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण विहिरीच्या पाण्याविषयी उभे राहून विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला कायद्याने होता. त्या दिवशी तो गेला. बदल्यात मिळायचा तो नगरसेवक. पण १४ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदतच संपली आणि प्रशासकाचा कारभार सुरू झाला. पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. म्हणजे साथ आली तेव्हा या गावांना सरपंच नव्हता आणि नगरसेवकही नव्हता; होते ते लांबचे क्षेत्रीय कार्यालय आणि एक तक्रार क्रमांक.

आता नगरसेवक आले आहेत, बहुतेक प्रभागांत पुन्हा चार-चार. २००९ साली महाराष्ट्राने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली: दोन ते पाच मतदान केंद्रांचे एक क्षेत्र, तिथले सगळे मतदार सभासद, भाडेकरू असोत की मालक. ग्रामसभेचाच हा शहरी अवतार, त्या दशकाची शेवटची बरी कल्पना. केंद्राचा शहरांसाठीच्या नेहरू अभियानातला निधी हवा होता म्हणून ती कायद्यात आली, आणि निधी आल्यावर तिची आठवण कोणाला राहिली नाही. पुण्यात ती नियमित भरल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. नव्या सभागृहात मेट्रोच्या विस्तारावर, नदीकाठच्या सुशोभीकरणावर, बोगद्यांवर भाषणे होतील. नांदोशीची क्षेत्रसभा कधी बोलावणार, हा प्रश्न तिथल्या चौघांपैकी कोणी विचारतो का, ते पाहायचे आहे.