चिमुरेंगा संगीत

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील झिंबाब्वे या देशात १९७० नंतरच्या दशकात विकसित झालेला आधुनिक संगीतप्रकार. शोना लोकांच्या म्बिरा या पारंपरिक वाद्यावरील रचना विद्युत् गिटार, ड्रम इ. पाश्चात्त्य वाद्यांवर उतरवून तो घडविण्यात आला. ‘चिमुरेंगा’ या शोना शब्दाचा अर्थ उठाव वा मुक्तिसंग्राम असा आहे. ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीच्या सत्तेविरुद्ध १८९६–९७ मध्ये झालेला उठाव हा पहिला चिमुरेंगा, तर ऱ्होडेशियातील गोऱ्या अल्पसंख्याकांच्या राजवटीविरुद्धचा सशस्त्र लढा हा दुसरा चिमुरेंगा मानला जातो. टॉमस मॅपफुमो (१९४५– ) या गायकाने तेच नाव आपल्या संगीतास दिले.

म्बिरा हे वाद्य म्हणजे लाकडी फळीवर बसविलेल्या लोखंडी पट्ट्यांची मालिका होय. मोठ्या म्बिऱ्यात सामान्यतः २२ ते २८ पट्ट्या असतात. दोन्ही अंगठे व उजव्या हाताची तर्जनी यांनी त्या छेडतात. नाद वाढावा म्हणून वाद्य मोठ्या भोपळ्यात धरून वाजवितात. फळीवर वा भोपळ्याच्या कडेस शिंपले किंवा बाटल्यांची पत्र्याची झाकणे अडकविलेली असतात. त्यांच्या कंपनाने प्रत्येक स्वराभोवती एक झणत्कार उमटतो. तंबोऱ्यातील जवारीप्रमाणेच तो दोष नसून नादाचा आवश्यक घटक समजला जातो. सामान्यतः एक वादक मूळ रचना (कुशाउरा) वाजवितो व दुसरा तिच्यात गुंफली जाणारी पूरक रचना (कुत्सिन्हिरा) वाजवितो. या गुंफणीतून ऐकणाऱ्यास कोणत्याही एका वादकाने न वाजविलेल्या स्वरावली भासू लागतात. अनेक रचनांचे आवर्तन प्रत्येकी १२ मात्रांच्या चार खंडांचे असते. ‘होशो’ नावाचे खुळखुळे लय धरतात. पूर्वजांच्या आत्म्यांना आवाहन करणाऱ्या ‘बिरा’ या रात्रभर चालणाऱ्या विधीत हे वादन होते. त्यामुळेच वसाहतकाळात अनेक ख्रिस्ती मिशनऱ्यांनी म्बिरा त्याज्य ठरविला.

शहरांतील तरुण वादक १९६० नंतरच्या दशकात मुख्यतः पाश्चात्त्य लोकप्रिय गीते गात असत. मॅपफुमोचा आरंभही तसाच झाला. म्हांगुरा येथील तांब्याच्या खाणीवरील ‘हालेलुया चिकन रन बँड’ या वाद्यवृंदात असताना त्याने व गिटारवादक जॉशुआ डुबे याने म्बिऱ्याच्या रचना गिटारवर बसविण्याचे प्रयोग सुरू केले. पुढे जोना सिथोले (१९५२–९७) याने हे तंत्र परिपक्व केले. तळहाताने तारा किंचित दाबून छेडल्यास म्बिऱ्यासारखा तुटक, टपोरा स्वर मिळतो. म्बिऱ्याचे खर्जातील स्वर बेस गिटारकडे व होशोचे काम ड्रमच्या झांजांकडे आले. परंपरेचा केवळ रंग न घेता तिची रचनापद्धतीच नव्या वाद्यांवर नेली, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय. १९८० नंतरच्या दशकात मॅपफुमोच्या ‘ब्लॅक्स अन्‌लिमिटेड’ या वृंदात गिटारच्या जोडीला प्रत्यक्ष म्बिराही आला.

गीते शोना भाषेत असल्याने व त्यांत म्हणी आणि रूपके यांचा वापर असल्याने त्यांचा राजकीय आशय आरंभी सत्ताधाऱ्यांच्या सहज लक्षात आला नाही. तो ध्यानी आल्यावर शासकीय नभोवाणीने ती वर्ज्य केली. तथापि मोझँबिकमधून होणाऱ्या स्वातंत्र्यवाद्यांच्या प्रक्षेपणांतून ती देशात ऐकू येत राहिली. होकोयो! (१९७८) ही मॅपफुमोची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाल्यानंतर १९७९ मध्ये त्यास आरोपाविना काही काळ स्थानबद्ध करण्यात आले. झिंबाब्वे १९८० मध्ये स्वतंत्र झाला.

स्वातंत्र्यानंतर या संगीताची खरी कसोटी लागली. ज्या सत्तेच्या उदयास त्याने हातभार लावला होता, तिच्याच दोषांविषयी त्याने मौन पाळावे काय, हा प्रश्न होता. मॅपफुमोने करप्शन (१९८९) या ध्वनिमुद्रिकेत नव्या राज्यकर्त्यांच्या भ्रष्टाचारावर टीका केली. पुढे त्याच्या टीकात्मक गीतांना पुन्हा अधिकृत प्रतिकूलता सहन करावी लागली व २००० च्या सुमारास तो अमेरिकेतील ऑरेगन राज्यात स्थायिक झाला. रॉबर्ट मुगाबे यांची सत्ता नोव्हेंबर २०१७ मध्ये संपल्यावर, एप्रिल २०१८ मध्ये त्याने हरारे येथे पुन्हा जाहीर गायन केले.

याच काळात स्टेला चिवेशे (१९४६–२०२३) हिने वेगळ्या मार्गाने परंपरेचा विस्तार केला. स्त्रियांचे म्बिरावादन समाजास फारसे मान्य नसताना तिने ते आत्मसात केले आणि म्बिऱ्यास मरिंबाची जोड देऊन ते यूरोपच्या रंगमंचावर नेले. झिंबाब्वेतील आजचा मरिंबा हाही फार जुना नाही. बुलावायो येथील क्वानोंगोमा संगीत महाविद्यालयात १९६० नंतर शिक्षणासाठी तो घडविण्यात आला. म्बिरा बनविण्याच्या व वाजविण्याच्या कलेचा यूनेस्कोने २०२० मध्ये मलावी व झिंबाब्वे यांच्या नावे मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत समावेश केला. एकेकाळी त्याज्य ठरलेले हे वाद्य असे सन्मानित झाले, यात ते गिटारवर उतरविणाऱ्या प्रयोगशील कलावंतांचाही वाटा आहे.